सुलतानाचा वाडगा

शके १८०८, मार्गशीर्ष शुद्ध ६, ठाणे

आजपासून ही वही एका प्रश्नाच्या निर्णयापुरती ठेवीत आहे. निर्णय द्यावयाचा तर त्याची पावले लिहून ठेवावीत, म्हणजे पुढे आपणच आपणांस फसवीत नाही, असे आमचे गुरुजी म्हणत. हे वाक्य माझा धाकटा गुरुबंधू हरिहर, ह्यासही पाठ आहे; परंतु पाठ असणे आणि पाळणे ह्यांत अंतर आहे.

सकाळी कोलशेतचा काळुराम पाटील आला. जातीने आगरी, खाडीकाठी मिठागरे, माणूस सरळ. अंगणाच्या पायरीखालीच बसला आणि शेजारी एक गोणपाटाचे गाठोडे लहान मुलास निजवावे तसे अलगद ठेवले. त्याची हकीकत त्याने फार पसरून सांगितली. तिचा सारांश असा.

समुद्रापलीकडच्या कोणा सुलतानाने विलायतेतल्या कारखान्यात दोनशे ताटांचा संच करावयास सांगितला. ताटे जहाजातून पोहोचली तोवर सुलतान वारला होता व धाकटा भाऊ गादीवर आला होता. थोरल्याच्या नावाच्या ताटांत मी जेवणार नाही, असे म्हणून त्याने पेट्या न फोडताच परत लोटल्या. त्या मुंबईस कोटातल्या (किल्ल्याच्या भागातल्या) लिलावात निघाल्या आणि मीठ पोहोचवावयास गेलेल्या काळुरामाने एक पेटी उचलली. मुलीचा, शालूचा, साखरपुडा कोपरच्या एका बऱ्या घरी ठरला होता. व्याह्यांना त्याने ह्या ताटांत जेवू घातले. मंडळी तृप्त होऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी वराच्या चुलत्याने, सहदेव त्याचे नाव, कोठून तरी ऐकले की, विलायती ताटांच्या मातीत जनावरांची हाडे दळून घालतात.

"कोपरवाले बोलतान, तुमी आमाना हाडान जेवाया घातला," काळुराम म्हणाला. "दोन शास्त्र्यांच्या सया आना, का ताटां शुद्ध हान. मंग लगीन. नायतर माघ लागला का ते दुसरी पोर बगतीन."

मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. नमुन्यादाखल त्याने एक झाकणाचा वाडगा ठेवला. तो साखरपुड्याच्या दिवशी पेटीतून निघालाच नव्हता, अजून कोणाच्या अन्नास लागलेला नाही.

त्या धाकट्या भावाची गोष्ट मात्र मनात राहिली. नावापायी चांगल्या भांड्यास मुकणारा राजा राज्यासही मुकत असला पाहिजे. मत्सर हा बुद्धीचा रोग आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ९

वाडगा ओसरीवर चौरंगावर ठेवून परीक्षा केली. रंग शंखासारखा. काठास गडद निळा पट्टा, त्यावर सोन्याची चंद्रकोर व यावनी लिपीत एक ओळ. तळाशी मुकुटाचा लहानसा शिक्का. नखाने वाजविल्यास काशाच्या वाटीसारखा नाद येतो, गाडग्यासारखा येत नाही. उन्हात धरल्यास आतून बोटांची सावली दिसते. पाणी मुरत नाही. एक प्रहर भरून ठेवले, बाहेरून ओल आली नाही. तेल लावून पुसले, डाग राहिला नाही.

आवडाबाई (माझी धाकटी बहीण; वैधव्यानंतर येथेच असते आणि घर तीच चालविते) दारातून म्हणाली, "दादा, जेवायला चला. भांडं कुठं पळत नाही."

जेवणात मऊभात, तूप आणि लिंबाच्या जुन्या लोणच्याची एक फोड. हे लोणचे सात वर्षांचे आहे. आमचे कुटुंब वारले त्या वर्षी त्यांनी घातलेले. वैद्यांनी अग्निमांद्यावर जुने लिंबू सांगितले असल्यामुळे मी रोज नेमाने एकच फोड घेतो. त्या वर्षी लिंबे थोडी मिळाली, एकच बरणी झाली, असे त्या म्हणाल्या होत्या. आज बरणीत एकेचाळीस फोडी आहेत. औषध मोजून घ्यावे, एवढ्यासाठीच हा हिशेब.

मार्गशीर्ष वद्य २

निर्णय झाला. भट्टीच्या अग्नीत माती, वाळू, आणि हाड असल्यास हाड, ह्या सर्वांचे पूर्वस्वरूप नष्ट होते. जे बाहेर येते ते नवे द्रव्य. भस्म झालेले हाड हे हाड नव्हे. नाहीतर कपाळास भस्म कोणीच लावू नये. वर काचेसारखा लेप असल्याने अन्न आत शिरत नाही. सबब हे पात्र धुतल्याने शुद्ध होते.

युक्तिवाद चोख उतरला आहे. एक शब्दही काढता येणार नाही. उद्या स्वच्छ प्रत करून शिरोभागी सही करीन आणि दुसऱ्या सहीसाठी कागद कल्याणास हरिहराकडे पाठवीन. त्याने खाली 'संमत' म्हणून लिहावे. निर्णयपत्रावर वडिलाची सही वर, संमती देणाऱ्याची खाली, ही रीत गुरुजींपासून चालत आली आहे.

मार्गशीर्ष वद्य ५

प्रत करावयाची राहिली. आज कल्याणहून माणूस हरिहराचा कागद घेऊन आला.

कोपर त्याच्या गावास जवळ. वराकडील मंडळींनी परस्पर त्यालाच विचारले. त्याने एका बैठकीत निर्णय लिहून दिला. एका बैठकीत! पाणी भरून ठेवले नाही, उन्हात धरले नाही. आणि निर्णय तोच. कारण तेच. भस्माचा दृष्टांतही तोच. माझ्या बारा ओळींच्या ठिकाणी त्याच्या पाच ओळी आहेत आणि त्या काळुरामासही कळतील अशा आहेत. त्याखाली सही: हरिहरशास्त्री.

सोबत चिठ्ठी. "अण्णा, लग्नाची घाई म्हणून लिहून टाकले. तुमच्या सहीवाचून ह्या कागदास वजन नाही. सुलतान जेवला नाही म्हणून ताटे वाचली, आता व्याही जेवले म्हणून पोरीचे लग्न बुडू नये."

विनोद करण्याचे हे स्थळ नव्हे. शिवाय कागदाच्या शिरोभागी त्याने चार बोटे जागा उगाच कोरी सोडली आहे. कागदाची अशी नासाडी हा त्याचा जुना दोष.

मार्गशीर्ष वद्य ६

पुनर्विचार केला. केवळ दुसऱ्याने तेच म्हटले म्हणून मी मत बदलीन, इतका हलका मी नाही. परंतु दुसऱ्याच्या लेखणीतून आपलेच मत वाचल्यास त्यातील दोष दिसतो, हा अनुभव आहे.

दोष असा. भट्टीतून निघालेला घट नवा असतो, हे मुळात हरिहराचे मत. चौतीस वर्षांपूर्वी कल्याणास गुरुजींनी आम्हा दोघांस ह्याच प्रश्नावर समोरासमोर बसविले होते. मी म्हणालो, घट तोच राहतो, रंग तेवढा बदलतो. तो म्हणाला, घट नवा होतो. दोन प्रहर वाद चालला. गुरुजींनी मला विजयी ठरविले. शालजोडी मला मिळाली, ती अजून पेटीत आहे. मग माझ्याच लेखणीत गेल्या पंधरवड्यात त्याचे मत कसे शिरले? अनवधान. दुसरे काही नाही.

आमच्या कुटुंबाचे तेव्हा नुकतेच घरभरणे झाले होते. स्वयंपाकघराच्या दाराआडून त्यांनी सारा वाद ऐकला. घरी येताना मी विचारले, कसे वाटले? त्या म्हणाल्या, "भावोजींचं कळलं हो. तुमचं फार मोठं होतं, मला नाही कळलं." आणि हसल्या.

स्त्रियांच्या कळण्यावर प्रमेय ठरत नाही. हे मी तेव्हाही मनात म्हटले होते.

नवा निर्णय लिहिला: चिनी मातीचे पात्र हे मातीचेच पात्र. जे जे मातीचे, त्यास एकदा अन्न लागले की ते पुन्हा वापरू नये, जसे गाडगे. लेप दिल्याने माती लपते, जात नाही. सबब ताटे अशुद्ध. जेवणारांनी प्रायश्चित्त घ्यावे.

आवडाबाईस वाचून दाखविला. शास्त्र घरापासून पाळावे, असेही सहज बोललो. ती म्हणाली, "बरं, दादा."

मार्गशीर्ष वद्य १०

काळुराम कागद न्यावयास आला. वाचता येत नसल्याने मीच अर्थ सांगितला. मग त्याने विचारले, कल्याणच्या शास्त्र्यांनी तर शुद्ध म्हणून लिहिले आहे, दोघांत खरे कोणाचे? मी म्हणालो, वयाने व अधिकाराने वडील मी आहे.

"तुमी बोलाल ता खरा," तो म्हणाला. "पन बाबा, माजी पोर काय करल?"

ह्याचे उत्तर निर्णयपत्रात येत नाही. वाडगा परत नेण्यास सांगितले. तो म्हणाला, राहू द्या, घरी नेला तर शालू फोडील.

पौष शुद्ध ४

कोपरच्या मंडळींनी लग्न थांबविल्याची वार्ता टेंभीनाक्यावर ऐकली. काळुरामाने नेऊन दिलेला माझा कागद वराच्या चुलत्याने सर्वांस दाखविला म्हणे. कागदास वजन आहे, हे सिद्ध झाले.

दुपारी काळुराम खाडीकडून आला. भांडावयास नव्हे, चिमूटभर मीठ पुडीत आणले होते, नव्या हंगामाचे पहिले. म्हणाला, पोरगी मिठागराच्या बांधावर जाऊन बसते, जेवावयास बोलावले तर येत नाही. वराचा निरोप आला होता की, मला ताटांचे काही नाही, पण चुलता ऐकत नाही.

"बोलते, ती ताटां खाडीन टाका, ना त्यांचे संगती माना पन." मलाही ताटांबरोबर टाका, हे पोरीचे म्हणणे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, चौरंगावरच्या वाडग्याकडे पाहत होता.

मी म्हटले, प्रायश्चित्त सोपे आहे, पंचगव्य घ्यावे. तो म्हणाला, कोपरवाले म्हणतात, आम्ही का घ्यावे, ज्याने जेवू घातले त्याची मुलगीच नको. निर्णयाचा हा परिणाम निर्णयातून तर्काने निघत नाही. तो लोकांच्या स्वभावातून निघतो. तरी लिहून ठेवतो.

पौष शुद्ध १२

काल एकादशी. दिवसभर मागील दारी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी वाचनात होतो, चौकशी केली नाही.

आज पारण्यास पानावर बसलो. भात, वरण, तूप. तूप पितळी तपेलीतून वाढले गेले. नवल वाटले. लिंबाची फोड नव्हती. थांबलो. आवडाबाई भात वाढून आत गेली. मी हाक मारली.

"लोणचं काढून टाकलं, दादा," ती म्हणाली. "कैरीचं, मिरचीचं, लिंबाचं, सगळंच. केळीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरलं. बरण्या चिनी मातीच्याच होत्या ना. तुम्हीच लिहिलंत, अन्न लागलेलं मातीचं भांडं पुन्हा वापरू नये."

मी विचारले, लिंबाचेसुद्धा?

"मातीत फरक कसा करणार?" ती म्हणाली. तिचा चेहरा निर्विकार होता. "तुम्ही म्हणालात, शास्त्र घरापासून पाळावं."

नऊ फोडी उरल्या होत्या.

मी जेवण पुरे केले.

पौष पौर्णिमा

अन्नास चव नाही. वैद्यांस सांगावयाचे नाही.

पौष वद्य ३

तीन दिवस वाट शोधली, मिळाली नाही, येथे नोंदवितो.

माझा हेतू, म्हणजे न्यायशास्त्रात ज्यास निर्णयाचे कारण म्हणतात तो, असा होता: मातीचे, म्हणून वर्ज्य. जेथे हेतू आहे, तेथे साध्य, म्हणजे निष्कर्ष, असलेच पाहिजे. एक जरी उलट उदाहरण सापडले, तरी हेतू मोडतो. उलट उदाहरण गेली चाळीस वर्षे माझ्याच कोनाड्यात होते. ठाण्यात, कल्याणात, पुण्यात, एकही ब्राह्मणाचे घर असे नाही की, जेथे चिनी मातीच्या बरणीत लोणचे मुरत नाही आणि देवास तेच नैवेद्यात जात नाही. शिष्टांचा आचार माझ्या विरुद्ध आहे. पाठशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दाखवावा असा हा दोष. कोपरास फिरलेला माझा कागद हरिहरानेही वाचला असेल, पण त्याने तो दाखविला नाही. त्याला दिसला नसेल, असे मला म्हणता येत नाही. दिसला आणि गप्प राहिला, हे अधिक असह्य आहे.

बरणी निराळी आणि ताट निराळे, असे म्हणून पाहिले. पटले नाही. बरणीत अन्न सात वर्षे राहते, ताटात अर्धी घटका.

मागील दारी जाऊन केळीचा बुंधा पाहिला. माती नीट थापली आहे. आवडाबाई काम स्वच्छ करते.

माघ लागावयास बारा दिवस आहेत. निर्णय मागे घेणे प्राप्त आहे. ह्यात काळुरामाच्या मुलीचा संबंध नाही. खोटा हेतू माझ्या सहीखाली राहू नये, एवढेच. पण मागे घेणे म्हणजे हरिहराच्या कागदावर, त्याच्या नावाखाली, संमती लिहिणे. ह्या वयात प्रथमच दुसऱ्या जागी सही.

पौष वद्य ८, कल्याणहून परत

सकाळच्या गाडीने गेलो. काळुरामास व कोपरच्या सहदेवास हरिहराच्या घरी पारनाक्यावर बोलाविले होते. हरिहराचा कागद आणि, काळुरामास परत द्यावा म्हणून, वाडगाही बरोबर घेतला होता.

हरिहर दारापर्यंत सामोरा आला. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, आवाज तसाच. मी बसताच विषय काढला. म्हटले, माझ्या निर्णयात हेतू दुष्ट आहे, बरणी हे उलट उदाहरण आहे, निर्णय मागे घेतो. सहदेवास हे कळले नसावे. हरिहराने त्यास विचारले, "तुमच्या घरी लोणचं कशात घालता?" तो म्हणाला, "बरनीन." "मग ताटाशीच भांडण का?" सहदेव मान खाजवीत हसला. चौतीस वर्षांपूर्वी जे झाले तेच झाले: मी सिद्ध केले आणि कळले त्याचे.

मी सहदेवाकडून माझा कागद घेऊन फाडला. हरिहराचा कागद पुढे ओढला आणि त्याच्या सहीच्या खाली लिहिले: हा अर्थ मला संमत आहे. नाव घातले. अक्षर चांगले आले.

हरिहर कागदाकडे पाहत राहिला. मग हळू म्हणाला, "अण्णा, वर जागा ठेवली होती."

चार बोटे कोरी होती ती. मी म्हटले, शाई वाळली आहे.

काळुराम पाया पडावयास वाकला तो उठेचना. त्याला उठवून वाडगा पुढे केला. तो घेईना. म्हणाला, दोनशे ताटांतला एक वाडगा कमी झाला तर सुलतान विचारावयास येणार नाही. हा तुमच्या घरी राहू द्या. मी नको म्हणत होतो, तोच आतून हरिहराच्या कुटुंबाने, गंगुबाईंनी, पाने मांडल्याचे सांगितले.

जेवणात मऊभात वाढला आणि त्यावर एक काळी, मऊ झालेली फोड. तोंडात घातली. जिरे, सुंठ आणि शेवटी थोडा ओवा. ओवा आमच्या घरी त्याच घालीत. दुसरे कोणी घालीत नाही.

गंगुबाई दाराआडून बोलल्या. "वहिनींच्या हातचं आहे, भावोजी. मी तापानं पडले होते ना, पोटात काही ठरत नव्हतं. त्यांनी पाठवली होती बरणी. म्हणाल्या होत्या, ह्यांना सांगू नका, उगीच तर्क करीत बसतील."

हरिहर खाली मान घालून जेवत होता. तो हसत होता की नाही, हे दिसले नाही.

निघताना गंगुबाईंनी माझ्यासाठी थोडे लोणचे काढले. घालावे कशात, ही अडचण निघाली. मग हरिहर म्हणाला, "अण्णांनी आत्ताच एक भांडं शुद्ध ठरवलंय." माझ्या सहीला आठ घटकाही झाल्या नव्हत्या. नाही म्हणण्यास हेतू उरला नव्हता. सुलतानाच्या वाडग्यात तेवीस फोडी आल्या. वरून झाकण घट्ट बसले.

येताना गाडीत वाडगा मांडीवर धरून बसलो. समोरच्या एका माणसाने विचारले, काय आहे? मी म्हटले, औषध.

माघ शुद्ध ७

काळुरामाकडून लग्नाचा शिधा आला: तांदूळ, नारळ, गूळ आणि मिठाची पुडी. मुलगी काल सासरी, कोपरास, गेली. निरोप आहे की, तिने जाताना ताटे स्वतः मोजून पेटीत भरली, फोडली नाहीत. विहिणीने म्हणे पहिल्या दिवशी तिला त्यातच वाढले.

आवडाबाईने नव्या बरण्या आणविल्या आहेत. कोणत्या मातीच्या, मी विचारले नाही. वाडगा कोनाड्यात, जुन्या बरणीच्या जागी ठेवला आहे. चंद्रकोर भिंतीकडे केली आहे. आवडाबाई रोज झाडताना ती पुढे करते.

ह्या प्रश्नापुरती वही होती, प्रश्न मिटला. एक गोष्ट मात्र नोंदल्याशिवाय राहवत नाही. निघताना मी गंगुबाईंची ती बरणी पाहिली. आमच्या बरणीपेक्षा ती चार बोटे उंच आहे. त्या वर्षी लिंबे थोडी मिळाली, हे मला सांगितले गेले. मोठी बरणी कल्याणास गेली. बरणी अजून निम्मी भरलेली आहे. हरिहर त्यातली फोड रोज खातो काय, हे विचारावयाचे राहून गेले.